पक्ष की माणूस? आधी विचारा, हे पद भरतात कसं

२०१६ च्या नगरपालिका निवडणुकीत मी मतदान केंद्रावर ड्युटीला होतो. आम्हा शिक्षकांना ती चुकत नाही. मी कंट्रोल युनिटपाशी बसलो होतो. दुपारी एक आजी आल्या, बोटाला शाई लावून घेतली, पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेल्या आणि एक बटण दाबून लगेच बाहेर आल्या. यंत्राची लांब शिट्टी काही वाजली नाही. तेव्हा दोन नगरसेवकांचा प्रभाग होता आणि नगराध्यक्ष थेट निवडायचा होता, म्हणजे प्रत्येकाला तीन मतं. मी म्हटलं, "आजी, अजून दोन मतं राहिली." त्या म्हणाल्या, "मला ह्या एकालाच द्यायचं होतं. बाकीचे कोण आहेत मला ठाऊक न्हाई."

"चिन्ह बघून दाबा की," मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं. केंद्राध्यक्षांनी त्याला गप्प केलं, आणि करायलाच हवं होतं. पण माझ्या मनात तो प्रसंग तेव्हापासून घर करून राहिला आहे. आजींना माणूस माहीत होता. मागच्या माणसाला चिन्ह माहीत होतं. गावोगाव चहाच्या टपरीवर हाच वाद चालतो: गावच्या निवडणुकीत पक्ष बघायचा की माणूस?

या प्रश्नाला सगळीकडे लागू पडेल असं एकच उत्तर नाही, असं माझं मत झालं आहे. आपण मत देतो ते पद भरण्याची पद्धत काय, यावर उत्तर बदलतं. ती पद्धत आपल्याला नीट कोणी सांगत नाही, म्हणून हा लेख.

गावात एक, तालुक्यात दुसरी, शहरात तिसरी

महाराष्ट्रात ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. निकालानंतर प्रत्येक पक्ष "आमच्या इतक्या ग्रामपंचायती आल्या" असं सांगतो, पण कागदावर तिथे पक्ष नसतो, पॅनेल असतं. जिल्हा परिषद आणि पंचायत समिती मात्र चिन्हावर लढवली जाते, नगरपालिका आणि महानगरपालिकाही.

शहराच्या प्रमुखाचं पद भरायचे दोन मार्ग आहेत. महानगरपालिकेत तुम्ही-आम्ही फक्त नगरसेवक निवडतो. मग ते नगरसेवक आपल्यातूनच एकाला अडीच वर्षांसाठी महापौर करतात. नगरपरिषद आणि नगरपंचायतीत सध्या नगराध्यक्ष थेट लोकांतून निवडला जातो, पाच वर्षांसाठी.

"सध्या" हा शब्द मुद्दाम घातला आहे, कारण ही पद्धत आपल्याकडे सारखी पालटत आली आहे. १९७४ मध्ये नगराध्यक्ष थेट निवडले गेले. पुढे ते बंद झालं. २००१ मध्ये विलासराव देशमुख मुख्यमंत्री असताना पुन्हा थेट झालं आणि काही वर्षांत पुन्हा बंद. २०१६ मध्ये देवेंद्र फडणवीस सरकारने थेट निवड आणली, २०२० मध्ये महाविकास आघाडी सरकारने ती काढली, २०२२ मध्ये शिंदे-फडणवीस सरकारने परत आणली. सरपंचपदाचंही तसंच झालं: २०१७ ला थेट, २०२० ला रद्द, २०२२ ला पुन्हा थेट.

हे बदल राज्य सरकारला करता येतात, कारण ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनेत स्थान दिलं तरी त्यांचा अध्यक्ष कसा निवडायचा हे राज्याच्या कायद्यावर सोडलं. मला यात मनापासून खटकतं ते हे की प्रत्येक बदलाच्या वेळी चर्चा झाली ती कोणाला फायदा होईल याची. शहराचा कारभार कशाने सुधारेल हा प्रश्न मागेच राहिला.

महापालिकेत तुमचं मत कुठे जातं

समजा तुम्ही महापालिकेच्या हद्दीत राहता. प्रभागातला उमेदवार ओळखीचा आहे, रात्री-अपरात्री फोन उचलतो, ड्रेनेज तुंबलं तर स्वतः येऊन उभा राहतो. तुम्ही त्याला माणूस म्हणून मत दिलं. निकाल लागला, तो निवडून आला. आता पुढे काय होतं ते बघा.

निवडून आलेल्या नगरसेवकांचा पक्षवार गट तयार होतो आणि विभागीय आयुक्तांकडे त्याची नोंदणी होते. याला गटनोंदणी म्हणतात. गटाचा एक गटनेता ठरतो. ही नोंदणी झाली की तुमचा ओळखीचा माणूस कायद्याच्या नजरेत एकटा राहत नाही, तो त्या गटाचा सदस्य होतो. अपक्ष आणि लहान पक्ष निकालानंतर महिनाभरात एकत्र येऊन आघाडी म्हणूनही नोंद करू शकतात. खर्चाला मंजुरी देणाऱ्या स्थायी समितीच्या जागा गटांच्या संख्याबळाप्रमाणे वाटल्या जातात, स्वीकृत, म्हणजे निवडणूक न लढवता नेमले जाणारे, नगरसेवकही तसेच. त्यामुळे एकेका डोक्याला किंमत येते.

मग महापौर निवडीचा दिवस ठरतो. त्याआधीचे आठ-दहा दिवस नगरसेवक शहरात दिसत नाहीत, "सहलीला" गेलेले असतात. इकडे पक्ष व्हिप काढतो, म्हणजे अमुक उमेदवारालाच मत द्या असा लेखी आदेश. तो हातात दिला जातो, आणि माणूस भेटला नाही तर दारावर चिकटवला जातो. सभेच्या दिवशी एकाच रंगाचे फेटे बांधून सगळे बसमधून उतरतात. पीठासीन अधिकारी उमेदवाराचं नाव पुकारतात, हात वर होतात, कर्मचारी रांगेरांगेने मोजत जातात. मतदान गुप्त नसतं. कोणाचा हात कुठे वर गेला हे सगळं सभागृह बघतं.

याचा अर्थ असा की महापालिकेत तुम्ही माणसाला दिलेलं मत महापौर निवडीच्या दिवशी पक्षाचं मत म्हणून मोजलं जातं. म्हणून मी म्हणतो, महापालिकेत नुसता माणूस बघून भागत नाही.

आता लगेच कोणी म्हणेल, मग चिन्ह बघूनच द्यावं. तर जळगावचं उदाहरण घ्या.

२०१८ च्या निवडणुकीत जळगाव महापालिकेच्या ७५ पैकी ५७ जागा भाजपला मिळाल्या. शिवसेनेला १५, एमआयएमला ३. इतकं स्पष्ट बहुमत असल्यावर पाच वर्षं काही हलणार नाही असंच कोणालाही वाटलं असतं. मार्च २०२१ मध्ये अडीच वर्षं सरली आणि नव्या महापौराची निवड आली. कोरोनामुळे सभा ऑनलाइन होती. भाजपचे २७ नगरसेवक शिवसेनेच्या उमेदवाराच्या बाजूने गेले. १५ अधिक २७ अधिक ३, म्हणजे ४५. भाजपकडे उरले ३०. जयश्री महाजन महापौर झाल्या. १५ नगरसेवक असलेल्या पक्षाचा महापौर, ५७ नगरसेवक असलेला पक्ष विरोधात. त्याच्या महिनाभर आधी सांगलीतही भाजपकडे बहुमत असताना महापौरपद राष्ट्रवादीकडे गेलं होतं.

यात एकाच पक्षाचं नुकसान होतं असं समजू नका. भिवंडीत ९० पैकी ४७ जागा, म्हणजे निर्विवाद बहुमत, काँग्रेसकडे होतं. डिसेंबर २०१९ मध्ये काँग्रेसचे १८ नगरसेवक फुटले आणि अवघे चार नगरसेवक असलेल्या कोणार्क विकास आघाडीचा महापौर झाला. अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, २०१८ मध्ये ६८ पैकी शिवसेना २४, राष्ट्रवादी १८ आणि भाजप १४ असं बळ होतं. तिसऱ्या क्रमांकाच्या भाजपचा महापौर झाला, आणि तो राष्ट्रवादीच्या १८ नगरसेवकांच्या पाठिंब्यावर. राज्यात हे दोन पक्ष तेव्हा एकमेकांचे कट्टर विरोधक. राष्ट्रवादीने नंतर त्या अठराही जणांना पक्षातून काढलं. महापौर मात्र झाला तो झालाच.

जळगावच्या ज्या मतदाराने चिन्ह बघून मत दिलं त्याचंही मत दुसरीकडे गेलं, आणि ज्याने माणूस बघून दिलं त्यालाही त्या माणसाने विचारलं नाही.

फुटणाऱ्याला शिक्षा नाही का?

कायदा आहे. विधानसभेला जसा पक्षांतरबंदी कायदा, तसा आपल्याकडे स्थानिक संस्थांसाठी १९८६ चा सदस्य अनर्हता कायदा आहे. व्हिप मोडला, किंवा पक्षाचं सदस्यत्व आपणहून सोडलं, तर नगरसेवकपद जाऊ शकतं. तक्रार महापालिकेची असेल तर विभागीय आयुक्तांकडे आणि नगरपालिकेची असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते.

पण त्यात दोन पळवाटा राहतात. पहिली वेळेची. नोटिसा, म्हणणं मांडणं, तारखा, मग अपील, मग न्यायालय. बऱ्याचदा निकाल येईपर्यंत सभागृहाची मुदतच संपत आलेली असते. दुसरी वाट संख्येची. गटातले किमान दोन तृतीयांश सदस्य एकत्र दुसऱ्या पक्षात गेले तर ते विलीनीकरण धरलं जातं आणि पद वाचतं. मुंबईत २०१७ मध्ये मनसेचे सात नगरसेवक निवडून आले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यातले सहा शिवसेनेत गेले. सातपैकी सहा म्हणजे दोन तृतीयांशाच्या कितीतरी वर. रेल्वे इंजिनाला दिलेली मतं अशा रीतीने धनुष्यबाणाच्या गटात जमा झाली, आणि तीही निवडणुकीनंतर वर्षभराच्या आत.

या हिशेबात एक विचित्र गोष्ट दिसते. एकटा माणूस फुटला तर तो अपात्र, टोळीने फुटले तर पात्र. खरं तर तत्त्वासाठी पक्षादेश मोडणारा माणूस बहुतेक वेळा एकटाच असतो. शहराचा मोकळा भूखंड बिल्डरला देण्याच्या ठरावावर एखादा नगरसेवक व्हिप झुगारून विरोधात हात वर करेल, तर कायदा त्यालाच गाठेल. ही अडचण सोपी नाही. व्हिप काढून टाकला तर घोडेबाजार मोकाट सुटेल, ठेवला तर विवेकाला जागा राहत नाही. मला वाटतं, व्हिप महापौर निवड आणि अंदाजपत्रक एवढ्यापुरताच बांधील असावा आणि बाकी ठरावांवर नगरसेवकाला मोकळीक असावी.

गुप्त मतदान घेतलं तर प्रश्न सुटेल असं काहींना वाटतं. त्यांनी चंदीगड आठवावं. ३० जानेवारी २०२४ ला तिथे महापौरपदासाठी मतपत्रिकांवर मतदान झालं. आप आणि काँग्रेस यांच्या उमेदवाराला २० मतं, भाजपच्या उमेदवाराला १६. पीठासीन अधिकाऱ्यांनी २० पैकी ८ मतं बाद ठरवून भाजपचा उमेदवार विजयी जाहीर केला. मतपत्रिकांवर ते स्वतः खुणा करत असल्याचं कॅमेऱ्यात दिसलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २० फेब्रुवारीला न्यायालयाने ती आठ मतं ग्राह्य धरून कुलदीप कुमार यांना महापौर घोषित केलं. ३६ मतांच्या निवडणुकीचा निवाडा देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला करावा लागला. त्यापुढे हात वर करण्याची आपली पद्धत मला बरी वाटते, निदान हात दिसतो तरी.

थेट निवडला तरी सभागृह लागतंच

आता नगरपालिकेकडे वळू. इथे नगराध्यक्ष तुम्ही स्वतः निवडता, म्हणजे माणूस बघायला खरी जागा आहे. छोट्या शहरात उमेदवार कोण, त्याचे वडील काय करायचे, त्याने पतसंस्था कशी चालवली, लॉकडाऊनमध्ये तो कुठे होता, हे सगळ्यांना माहीत असतं. पक्षाचं चिन्ह नसलं तरी चालतं. म्हणूनच आपल्याकडे "शहर विकास आघाडी" हे नाव तालुक्यातालुक्यात सापडतं.

साताऱ्यात हे सगळ्यात स्पष्ट दिसलं. २०१६ मध्ये उदयनराजे खासदार आणि शिवेंद्रसिंहराजे आमदार, दोघेही राष्ट्रवादीचे. नगरपालिकेत मात्र एकाची सातारा विकास आघाडी, दुसऱ्याची नगर विकास आघाडी, आणि नगराध्यक्षपदासाठी समोरासमोर लढत. राष्ट्रवादीवर निष्ठा असलेल्या सातारकराने त्या दिवशी करायचं काय? "पक्ष बघून मत द्या" हा सल्ला तिथे लागूच होत नव्हता. तिथला मतदार वाड्याकडे, म्हणजे कोणत्या राजेंचा उमेदवार आहे ते बघून मत देत होता, आणि उघडपणे तसं सांगतही होता. ती निष्ठाच आहे, फक्त पक्षावरची नाही.

पण थेट निवडीत एक खड्डा आहे. नगराध्यक्ष एका बाजूचा आणि नगरसेवकांचं बहुमत दुसऱ्या बाजूचं, असं होऊ शकतं. कराडला २०१६ मध्ये तेच झालं. नगराध्यक्ष भाजपच्या, पण सभागृहात बहुमत जनशक्ती आघाडीचं. बाहेरच्या राज्यातही हेच दिसतं. मध्य प्रदेशात महापौर थेट निवडतात. २०२२ मध्ये सिंगरौलीला आम आदमी पक्षाच्या राणी अग्रवाल महापौर झाल्या, पण त्यांच्या पक्षाचे नगरसेवक मोजकेच आले, बहुमत भाजपचं.

असं झालं की काय अडतं? नगराध्यक्ष सभा बोलावतो, विषयपत्रिका ठरवतो, अध्यक्षस्थानी बसतो. पण पैसे खर्च करायचे, कर ठरवायचा, आराखडा बदलायचा, तर ठराव मंजूर व्हावा लागतो आणि ठराव बहुमताने होतो. बहुमत विरोधात असेल तर प्रत्येक सभेत विषय तहकूब, फेरसादर, तहकूब. नगराध्यक्षाला सहजासहजी हलवता येत नाही आणि नगरसेवक त्याला काही करू देत नाहीत.

आमच्या शहरात हे मी जवळून बघितलं आहे, शहराचं नाव सांगत नाही. भाजीबाजाराच्या कडेने जाणारी गटार बंदिस्त करायची होती. निधी आलेला, कंत्राटाची अंदाजपत्रकं तयार. नगराध्यक्ष लोकांच्या आवडीचे, सचोटीचे, आणि सभागृह त्यांच्या विरोधातल्या आघाडीचं. विषय चार सभांत आला आणि चारदा पुढे ढकलला गेला, कारण गटार कोणाच्या नावाने व्हावी यावर एकमत होईना. पावसाळा आला. भाजीवाल्या मावश्या गोणपाट टाकून त्या घाणीवरच बसल्या, मेथीच्या जुड्या विटांवर मांडून. त्या मावश्यांमधल्या बहुतेकींनी नगराध्यक्षाला एका चिन्हावर आणि नगरसेवकाला दुसऱ्या चिन्हावर मत दिलं होतं, दोन्ही वेळा चांगला माणूस बघून. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. दोन चांगली माणसं एकत्र बसतील की नाही, हे मात्र त्यांना कोणी विचारायला शिकवलं नव्हतं.

म्हणून थेट निवडीत माणूस आधी बघावा, हे खरं, पण त्याच्या पॅनेलचे नगरसेवक कोण आहेत आणि किती प्रभागांत उभे आहेत हेही लगेच बघावं. एकटा अपक्ष नगराध्यक्ष निवडून आणणं ही मोठी गोष्ट आहे. छत्तीसगडमध्ये रायगडला, आपल्या कोकणातल्या नव्हे, २०१५ मध्ये मधू किन्नर या तृतीयपंथी उमेदवार अपक्ष उभ्या राहून साडेचार हजारांहून जास्त मतांनी महापौर झाल्या. दोन्ही मोठ्या पक्षांना लोकांनी बाजूला सारलं. त्या निकालाचं मला आजही कौतुक आहे. पण अशा माणसाला निवडून दिल्यावर लोकांचं काम संपत नाही, उलट सभागृहाबाहेरून रेटा तेव्हाच लावावा लागतो.

सही कोणाची चालते

आणखी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, नाहीतर पक्ष की माणूस हा वाद हवेतच राहतो. आपल्याकडे महापौर हा शहराचा पहिला नागरिक असतो, पण कारभाराची सही महापालिका आयुक्तांची असते, आणि आयुक्त राज्य सरकार नेमतं. नगरपालिकेत ती जागा मुख्याधिकाऱ्याची. पैशाच्या नाड्या स्थायी समितीकडे. म्हणून अनुभवी नगरसेवकाला महापौरपदापेक्षा स्थायीचं अध्यक्षपद जास्त हवं असतं.

महापौराला खरे अधिकार देण्याचा प्रयोग झाला होता. १९९८ मध्ये मुंबईत आणि नागपुरात महापौर परिषद आणली, मंत्रिमंडळासारखी. पुढच्याच वर्षी ती गुंडाळली. त्यानंतर कोणत्याही सरकारने त्याकडे वळून बघितलं नाही. कारण उघड आहे: मोठ्या शहराचा बळकट महापौर कोणत्याही मुख्यमंत्र्याला परवडत नाही.

याचा पक्षाशी संबंध असा की राज्यात ज्याचं सरकार, त्याच्या हातात आयुक्त आणि निधी. प्रचारात "वर आमचं, खाली आमचं, मधे अडथळा नको" असं सांगतात ते याच जोरावर. हा मुद्दा खोटा नाही, पण तो मला लोकशाहीला घातक वाटतो. शहराच्या हक्काचा निधी शहराने कोणाला मत दिलं यावर अवलंबून असेल, तर चूक निधी वाटणाऱ्याची आहे. मतदाराने त्यासाठी आपलं मत वाकवावं हे मला पटत नाही. २०२२ नंतर काही वर्षं राज्यातल्या कितीतरी महापालिकांत मुदत संपूनही ओबीसी आरक्षणाच्या वादामुळे निवडणुका झाल्या नाहीत आणि वर्षानुवर्षं प्रशासक बसले. त्या काळात ना पक्ष होता ना माणूस. रस्त्यावरचा दिवा बंद पडला तर सांगायचं कोणाला, हेच लोकांना कळेना. नगरसेवक किती कामाचा असतो हे तेव्हा कळलं.

माणूस निवडला, पण कुठला?

माणूस बघून मत देणाऱ्यांनी आरक्षणाची सोडत विसरू नये. महापौर किंवा नगराध्यक्ष कोणत्या प्रवर्गातून होणार हे मंत्रालयातल्या चिठ्ठीवर ठरतं. निम्मी पदं महिलांसाठी आहेत. ही तरतूद मी मनापासून योग्य मानतो. तिच्यामुळे ज्या घरांतून कोणी पालिकेची पायरी चढलं नव्हतं तिथल्या बायका खुर्चीत बसल्या, आणि त्यातल्या अनेकींनी कारभार हातात घेतला. पण काही ठिकाणी फलकावर वहिनींचा फोटो लहान आणि दादांचा मोठा असतो. तिथे तुम्ही कोणत्या माणसाला मत देताय हे स्वतःला विचारा, आणि वहिनींनाच थेट प्रश्न विचारा. उत्तर द्यायला त्याच पुढे आल्या पाहिजेत.

शिवाय अडीच वर्षांच्या महापौरपदाचेही तुकडे होतात. कोल्हापुरात याला "पदाची खांडोळी" म्हणतात. इच्छुक पाच असतील तर प्रत्येकाला काही महिने. महापौर खुर्चीत बसून प्रश्न समजून घेतो न घेतो तोच राजीनाम्याचा निरोप येतो. पक्ष आणि माणूस दोघेही यात हरतात.

उमेदवारी कशी मिळते तेही बघण्यासारखं आहे. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत एबी फॉर्म लागतो. ए फॉर्मवर पक्ष सांगतो की सही करायचा अधिकार कोणाला, आणि बी फॉर्मवर उमेदवाराचं नाव. दहा वर्षं सतरंज्या उचललेला कार्यकर्ता त्या कागदाची वाट बघत तहसीलच्या आवारात उभा असतो, आणि कागद येतो तो आदल्या रात्री दुसऱ्या पक्षातून आलेल्याच्या नावाने. मग बंडखोरी होते. पक्षच जर निष्ठा बघून तिकीट देत नाही, तर मतदाराकडून निष्ठा मागायचा त्याला अधिकार किती, हा प्रश्न मला त्या आवारात उभ्या असलेल्यांकडे बघून दर वेळी पडतो.

पण प्रत्येक अपक्ष हा स्वतंत्र असतो असंही नाही. काही अपक्ष बंडखोर असतात, काही दुसऱ्याची मतं खायला उभे केलेले असतात, काही निकालाच्या संध्याकाळी कोणाच्या गाडीत बसायचं ते आधीच ठरवून उभे असतात. खरे अपक्षही आहेत, थोडे आहेत.

यातलं कोणीच पटत नसेल तर नोटा आहे. महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये ठरवलं की स्थानिक निवडणुकीत नोटाला सर्वांत जास्त मतं पडली तर तिथे फेरनिवडणूक घ्यायची. लोकसभा-विधानसभेत तसं नाही, तिथे नोटानंतरचा पहिला उमेदवार विजयी होतो. म्हणजे गावच्या निवडणुकीत त्या बटणाला जास्त वजन आहे, आणि हे फार थोड्यांना माहीत असतं.

मी स्वतः आता असं करतो. महापालिकेच्या मतदानाला गेलो तर आधी पक्ष आणि त्याचा शहरातला गट बघतो: मागच्या पाच वर्षांत त्यांनी अंदाजपत्रकावर काय भूमिका घेतली, किती जण फुटले, फुटलेल्यांना परत घेतलं का. मग माणूस. नगरपालिकेत आधी नगराध्यक्षाचा माणूस, लगेच त्याचं पॅनेल, आणि चिन्ह शेवटी. ग्रामपंचायतीत तर माणूसच. उमेदवाराचं शपथपत्र वाचतो, त्यात मालमत्ता आणि गुन्हे दोन्ही असतात. पाच मिनिटांचं काम आहे.

मागच्या वेळी एक तरुण उमेदवार दारात आला. वाकून नमस्कार केला, माझाच जुना विद्यार्थी निघाला. मुलगा चांगला, कष्टाळू. मी त्याला चहा दिला आणि विचारलं, "निवडून आलास तर गटनोंदणी कोणाबरोबर करणार?" तो अपक्ष होता. तो जरा थांबला, मागे उभ्या असलेल्या दोघांकडे बघितलं, मग म्हणाला, "सर, ते साहेब ठरवतील."

खोटं बोलला नाही याचं मला बरं वाटलं. मी म्हटलं, "मग साहेबांना विचारून ये, आपल्या पाण्याच्या टाकीचं ते काय करणार आहेत." तो दोन दिवसांनी परत आला, एकटाच, हातात टाकीच्या मंजुरीच्या ठरावाची झेरॉक्स घेऊन.